एका ओळीची नजर

मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता, आणि फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारण्यापुरता. तरी आज एका इलेक्ट्रॉनिक डोळ्याची कहाणी सांगायला बसलो आहे. त्याला कारण माझे थोरले भाऊ आणि त्यांचा धाकटा मुलगा आसिफ.

भाई मिरजेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. अठरा वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. स्टिकमधली उलटी अक्षरं ते आपल्या सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाचत. पुढं ऑफसेट आलं, खिळे वजनावर भंगारात गेले. मग काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. आता मोबाइल त्यांना बातम्या वाचून दाखवतो, नमाजाची वेळ सांगतो, आलेली चिठ्ठीही वाचतो. त्याच्याबद्दल भाईंची तक्रार एकच. "हा बातमी वाचतो तशीच कविता वाचतो. ओळ कुठं तोडलीय ते कळत नाही. तुझी कविता याच्या तोंडून ऐकली की महापालिकेची नोटीस वाटते."

गेल्या वर्षी आसिफनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दोन वस्तू आणल्या. एक होती नखाएवढी चिप, तिचं नाव टीएसएल १४०१. तिच्या काचेसारख्या पारदर्शक पाठीखाली प्रकाश ओळखणारे १२८ बिंदू एकाच रांगेत बसवलेले असतात. सगळ्या रांगेची लांबी आठ मिलिमीटरच्या किंचित वर. दुसरी वस्तू निळ्या रंगाची पाटी, पत्त्याच्या पानापेक्षा थोडी लहान. तिला आर्डुइनो म्हणतात. चिपनं पाहायचं आणि पाटीनं ते मोजायचं.

"एका ओळीनं काय दिसणार?" मी विचारलं.

"चाचा, स्कॅनरला तरी काय दिसतं? एकच ओळ. दिवा सरकतो, ओळीला ओळ लागते आणि पान होतं."

हे मला पटलं. आम्ही कवीसुद्धा दुसरं काय करतो? पण हा एका ओळीचा डोळा आला कुठून, हा प्रश्न मनात राहिला आणि मी वाचत गेलो.

सुरुवात समुद्राच्या तळाशी होते. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबली तपासण्यासाठी विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला विजेला मोठा अडथळा करणारा पदार्थ हवा होता. त्यानं सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण त्यांची मापं काही स्थिर राहीनात. दिवसा एक, झाकलं की दुसरं. कांडीवर उजेड पडला की तिचा अडथळा कमी होतो, असं ध्यानात आलं. १८७३ साली त्यानं हे जाहीर केलं. तपासणीच्या कामाला जो दोष होता, तोच पुढं यंत्राच्या डोळ्याचा पाया झाला.

मग सेलेनियमच्या मागं पुष्कळ लोक लागले. त्यांतला एक मला फार जवळचा वाटतो, एडमंड फूर्निए दाल्ब. माणूस भौतिकशास्त्राचा, पण जीव आयरिश भाषेत गुंतलेला. १९०३ साली त्यानं इंग्रजी-आयरिश शब्दकोश काढला होता. शब्दांत रमणाऱ्या या माणसानं बर्मिंगहॅमला असताना ऑप्टोफोन नावाचं यंत्र केलं. १९१२ साली त्याचं पहिलं रूप आलं. त्यातून अंध माणसाला खिडकी कुठं आणि भिंत कुठं एवढंच ऐकून कळे. दोन वर्षांच्या आत त्यानं अक्षरं वाचणारं यंत्र केलं.

त्याची युक्ती अशी. छापलेल्या अक्षरावर, वरून खाली अशा उभ्या रांगेत, प्रकाशाचे बारीक ठिपके पाडायचे. प्रत्येक ठिपका ठरावीक वेगानं लुकलुकायचा. कागदावरून परतलेला उजेड सेलेनियमवर पडला की कानाच्या रिसीव्हरमधून त्या त्या ठिपक्याचा सूर निघायचा, वरच्याचा उंच आणि खालच्याचा खर्जाचा. कोऱ्या कागदावर सगळे सूर एकदम वाजत. जिथं शाई येई तिथला सूर गप्प होई. म्हणजे अक्षर ऐकू यायचं ते त्याच्या मौनातून. पुढं ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीनं यंत्र सुधारलं आणि शाईच वाजू लागली. सोय झाली खरी, पण कवी म्हणून मला पहिलीच रीत आवडते.

मेरी जेमसन ही जन्मांध मुलगी हे वाचन शिकली. १९१८ साली लंडनमध्ये लोकांसमोर तिनं वाचून दाखवलं तेव्हा वेग होता मिनिटाला जेमतेम एक शब्द. लोक हसले असतील. ती थांबली नाही. पुढं तिचा वेग मिनिटाला साठ शब्दांपर्यंत गेला. ब्रेलमध्ये कुणी उतरवलेलं नाही असं, दुकानातून आणलेलं साधं छापील पुस्तक ती स्वतः वाचू शकत होती. पण शिकायला अवघड आणि किमतीला महाग, म्हणून ही यंत्रं थोडीच बनली.

पुढचं भराभर सांगतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी अंध होती. तिच्यासाठी त्यांनी ऑप्टाकॉन केलं. १४४ बारीक कांड्या बोटाखाली थरथरत आणि अक्षराचा आकार उमटवत. १९७१ साली ते बाजारात आलं. त्याआधी, १९६९ च्या ऑक्टोबरात, बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत सीसीडी या चिपचा आराखडा मांडला. त्यांना हवी होती संगणकाची स्मृती, जगाला मिळाला कॅमेऱ्याचा डोळा. आपल्याकडं स्लॅब पडतो तेव्हा माणसं ओळीनं उभी राहून घमेली हातोहात पुढं देतात, तसा सीसीडीत प्रत्येक बिंदूवर साठलेला विजेचा भार शेजाऱ्याकडं सरकत टोकाला जातो. तिथं तो मोजतात. दोघांना २००९ साली नोबेल मिळालं. फेअरचाइल्ड कंपनीनं १९७४ पर्यंत पाचशे बिंदूंची एकच रांग असलेली सीसीडी विकायला काढली होती. रे कर्झवाइलनं १९७६ च्या जानेवारीत जे वाचनयंत्र दाखवलं, त्यात सीसीडीचा स्कॅनर होता आणि ते छापील पान मोठ्यानं वाचून दाखवत असे. भाईंचा मोबाइल त्याच घराण्यातला. पण एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. मेरी जेमसन स्वतः वाचत होती. कर्झवाइलच्या यंत्रापासून यंत्र वाचू लागलं आणि माणूस ऐकू लागला.

आता त्या निळ्या पाटीकडं येतो. तिचं गाव इटलीतलं इव्रेया, ऑलिव्हेटी टाइपरायटरचं गाव. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत विद्यार्थ्यांना संवेदक, दिवे, मोटारी जोडून पाहायच्या असत, पण त्यासाठी लागणाऱ्या पाट्या महाग होत्या. एर्नान्दो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधासाठी वायरिंग नावाची सोपी पद्धत तयार केली. तिच्यावर उभं राहून २००५ साली मास्सिमो बान्झी आणि सोबत्यांनी आर्डुइनो काढलं. नाव दिलं गावातल्या एका बारवरून, आणि बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन राजावरून. राजाचं नाव जगभर झालं, बारागानचं मागं पडलं. हे मला खटकतं. पण या मंडळींनी पाटीचा नकाशा सर्वांना खुला ठेवला, हे त्यांचं मोठेपण. म्हणून तर तिच्या नकला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात.

जोडणी दिसायला सोपी. तारा पाचच. दोन विजेच्या. तिसरीतून पाटी चिपला सांगते, 'नवी ओळ सुरू.' चौथीतून घड्याळाचे ठोके जातात. रेशनच्या दुकानात 'पुढचा!' अशी हाक यावी तसा प्रत्येक ठोक्याला एकेक बिंदू पुढं होतो आणि आपल्यावर किती उजेड साठला ते पाचव्या तारेवरून सांगतो. पाटी त्याचा शून्य ते १०२३ मधला आकडा करते.

पहिल्या दिवशी सगळे आकडे हजाराच्या आसपास. खिडकीतलं ऊन थेट चिपवर, मग प्रत्येक बिंदू काठोकाठ भरलेला. पडदा ओढला तर सगळे आकडे सारखेच, पण लहान. डोळा होता पण भिंग नव्हतं, आणि भिंगाशिवाय त्याला नुसता उजेड कळतो, आकार नाही. जुन्या कॅमेऱ्याचं भिंग काढून बसवलं तेव्हा कागदावरची काळी रेघ आकड्यांत खड्ड्यासारखी उमटली. तरी ओळ नीट संपेना. आसिफ १२८ बिंदूंना मोजून १२८ ठोके देत होता. ओळ मिटवायला एकशेएकोणतिसावा ठोका द्यावा लागतो, हे कंपनीच्या कागदात बारीक अक्षरांत होतं. आम्हांला ते तिसऱ्या दिवशी सापडलं.

त्यानंतरची खोड आणखी मजेची. कागद हलत नसतानाही एक ओळ उजळ, दुसरी मंद, तिसरी पुन्हा उजळ. आसिफ तारा बदलत बसला. भाई कोपऱ्यातून म्हणाले, "ट्यूब बंद करून बघ. छापखान्यात चालू मशीनचं चाक ट्यूबखाली उलटं फिरल्यासारखं दिसायचं." नेमकं तेच होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, चिपला कळतं. आसिफच्या पाटीला एक ओळ वाचायला चौदा-पंधरा सहस्रांश सेकंद लागत, आणि लुकलुक दहाची. दोघांचा ताल जुळेना. त्यानं प्रत्येक ओळीला बरोबर वीस सहस्रांश सेकंद दिले, म्हणजे ट्यूबच्या दोन पूर्ण लुकलुकी, आणि आकडे स्थिर झाले. त्याच्या प्रोजेक्टच्या अहवालात ट्यूबचा उल्लेख आहे, वडिलांचा नाही. मी त्याला बोललो त्यावरून.

प्रोजेक्ट तिथंच संपत होता. पण मी त्याला ऑप्टोफोनची गोष्ट सांगितली होती. त्यानं एका रविवारी चिप उभी धरून १२८ बिंदूंचे सहा गट केले आणि पाटी संगणकाला जोडून प्रत्येक गटाला एक सूर दिला. काळं दिसलं की सूर वाजायचा. खालच्या पट्टीवरून चिप सरकवायची, कागदावरून अगदी सावकाश.

मराठी मजकूर लावला आणि वरचा एक सूर लागला तो हलेचना. इंग्रजी अक्षरांत असं होत नाही. आसिफला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. भाई हसले. "अरे, ती शिरोरेघ आहे. तंबोरा लागलाय." आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या कारागिरांची गल्ली आहे, तिथं लहानपण गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. शब्द संपला की तंबोरा क्षणभर थांबे. काना आला की वरपासून खालपर्यंत सगळे सूर एकदम. उकार खर्जात, वेलांटी तंबोऱ्याच्याही वर. अक्षर ओळखता येईल असा भरवसा नव्हता, पण चार-पाच संध्याकाळी बसल्यावर भाई काना बिनचूक सांगू लागले. आणि ओळ कुठं संपते तेही. सूर थांबत, पुढं कोरा कागद. "इथं तोडलीस होय," ते म्हणत, आणि मला उगाचच परीक्षेला बसल्यासारखं होई.

एके रात्री मी कपाटातून एक पुस्तक काढून, काही न सांगता त्यांच्यापुढं ठेवलं. आसिफनं चिप पट्टीला लावली, भाईंनी ती सरकवली. तंबोरा लागला, पण या वेळी सलग नव्हता. अक्षराअक्षराला बारीक तुटत होता, तार गंजल्यासारखा.

"परत," भाई म्हणाले. पुन्हा सरकवली. मग त्यांनी पट्टी बाजूला केली आणि पानावरून बोट फिरवलं.

"हे ऑफसेट नाही. खिळ्यांचं आहे. खिळे झिजलेत, जोडावर रेघ फाटलीय." थोडं थांबून म्हणाले, "मालकाला तेव्हाच सांगत होतो, फॉन्ट नवा घ्या म्हणून."

ते माझं पहिलं पुस्तक होतं, १९९३ चं, त्यांच्याच हातानं जुळवलेलं. मी ते सांगितलं. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं आणि आसिफला म्हणाले, "दुसरं पान लाव. त्यात एका जागी मी याची ओळ चुकून जोडली होती. हा आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी."