हरित बांधकाम खरेदी (परभणी जिल्हा)

शासकीय इमारती, रस्ते व पूल यांच्या निविदांमध्ये दराबरोबर पर्यावरणाच्या अटीही घालण्याची पद्धत. परभणीपुरता हा विषय मुख्यतः राखेचा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्रात 1971 पासून कोळसा जळतो आणि परभणी शहर तेथून शंभर किलोमीटरच्या आत येते. विटांसाठी सुपीक माती खणली जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 1999 रोजी राखेच्या वापराची अधिसूचना काढली. 2016 मध्ये तिची कक्षा वीज केंद्रापासून 300 किलोमीटर झाली. शंभर किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्राने सोसावा, असे तेव्हा ठरले. 2016 च्याच बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी सरकारी कंत्राटांत पुनर्वापरित साहित्य सुमारे 10 ते 20 टक्के असावे, असे सुचवले.

खरी गोम अंदाजपत्रकात असते. दरसूचीत राखेच्या विटेची बाब असली, तरी शाखा अभियंत्याने ती अंदाजपत्रकात धरली नाही, तर कंत्राटदार मातीचीच वीट आणतो. काम सर्वांत कमी दराच्या निविदेला जाते. मातीची झीज त्या दरात कुठेच धरलेली नसते. म्हणून राखेच्या विटेची अट निविदा निघण्यापूर्वीच घालावी लागते. कार्यादेशानंतर तिचा उपयोग नाही.