प्रतोद यंत्र

प्रतोद यंत्र हे सूर्याच्या उंचीवरून वेळ सांगणारे, हातात धरून वापरायचे छायायंत्र होय. कोकणातील नांदगाव (संस्कृत ग्रंथांतील नंदिग्राम) येथील ज्योतिषी गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात याच नावाच्या छोट्या संस्कृत रचनेत त्याचे वर्णन केले आहे. घोड्यावर बसूनही वेळ पाहता यावी, असा या यंत्राचा हेतू सांगितला जातो.

नाव

‘प्रतोद’ म्हणजे चाबूक. आजच्या मराठीत हा शब्द विधिमंडळातील पक्षप्रतोदामुळेच अधिक परिचित आहे. यंत्राचा आकार चाबकाच्या दांड्यासारखा असल्याने त्याला हे नाव मिळाले. ‘कशायंत्र’ आणि ‘चाबुकयंत्र’ ही नावेही त्याच अर्थाची आहेत. हेम नावाच्या ग्रंथकाराने अशाच साधनावर ‘कशायंत्र’ ही रचना केली.

पार्श्वभूमी

दिवस-रात्रीच्या ६० घटिका मानण्याची पद्धत असताना (१ घटिका म्हणजे २४ मिनिटे) वेळ मोजण्याचे नेहमीचे साधन घटिकापात्र हे होते. पाण्यावर ठेवलेले सच्छिद्र भांडे बुडाले की एक घटिका झाली. हे साधन एका जागी ठेवावे लागे आणि त्यापाशी सतत माणूस बसावा लागे. प्रवासात मुहूर्त किंवा जन्मवेळ ठरवायची झाल्यास त्याचा उपयोग नव्हता. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (शके १०७२, इ.स. ११५०) टांगून वापरायचे फलकयंत्र वर्णिले आहे, मात्र त्यावरून वेळ काढताना गणित करावे लागे. प्रतोद यंत्रात ते गणित आधीच करून दांड्यावर खोदलेले असते, आणि हाच त्याचा खरा गुण आहे.

रचना व वापर

दांड्याच्या वरच्या टोकाशी एक आडवी सळई (शंकू) बसवतात. दांड्यावर उभ्या मापपट्ट्या असतात व प्रत्येक पट्टी ठरावीक दिनमानासाठी, म्हणजे दिवसाच्या लांबीसाठी, असते. १९° अक्षांशावर दिनमान वर्षभरात सुमारे २७ ते ३३ घटिकांच्या दरम्यान बदलते. तेच दिनमान उत्तरायणात एकदा व दक्षिणायनात एकदा येत असल्याने एक पट्टी दोन्ही वेळा चालते.

त्या दिवसाच्या पट्टीवर सळई लावून, दांडा सरळ लोंबता धरून सूर्याकडे फिरवला की सळईची सावली पट्टीवर सरळ खाली पडते. सूर्य जितका वर, तितकी सावली लांब. सूर्य ४५° उंचीवर असताना ती सळईएवढी असते. सावलीच्या टोकाशी असलेला आकडा सकाळी सूर्योदयापासून गेलेल्या घटिका दाखवतो, तर दुपारनंतर सूर्यास्ताला उरलेल्या. पूर्वाह्ण की अपराह्ण, हे यंत्र सांगत नाही. ते वापरणाऱ्याने जाणायचे.

अक्षांशाची मर्यादा

एका अक्षांशासाठी केलेला दांडा दूरच्या ठिकाणी चालत नाही. बीड जिल्ह्यातील कडा (आष्टी तालुका) हे गाव १९° उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथे विषुवदिनी माध्यान्ही सावली सळईच्या सुमारे २.९ पट पडेल. त्याच दिवशी काशीत (सुमारे २५.३°) ती २.१ पटच भरेल; म्हणजे कड्यासाठी खोदलेला दांडा काशीत भर माध्यान्हीही ‘माध्यान्हाला अजून तासाहून अधिक अवकाश आहे’ असे दाखवील. यात्रेकरूच्या दृष्टीने हा दोष लहान नव्हे.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण येते. कडा परिसरात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. अशा दिवशी माध्यान्हाच्या एक घटिका आधी सावली सळईच्या सुमारे १० पट लांब होते व दांड्याच्या बाहेर जाते. सळई आखूड केल्यास थोडी सोय होते. पण मग तिच्यासाठी निराळी मापे खोदावी लागतात.

इतर छायायंत्रांशी तुलना

युरोपात मध्ययुगापासून वापरात असलेले, ‘मेंढपाळाचे घड्याळ’ म्हणून ओळखले जाणारे दंडगोल छायायंत्र याच तत्त्वावर चालते. खिशात मावणारी होकायंत्रयुक्त छायायंत्रे मात्र वेगळ्या जातीची. त्यांत वेळ सूर्याच्या उंचीवरून नव्हे, तर दिशेवरून कळते; म्हणून आधी उत्तर दिशा साधावी लागते आणि त्यासाठी चुंबकसूची जोडलेली असते. असे एक साधन अमेरिकेतील ऱ्होड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणारे रॉजर विल्यम्स यांनी मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाल्यावर रानातून वाट काढताना ते वापरले, अशी परंपरा आहे. प्रतोद यंत्राला चुंबकसूची लागत नाही, पण ते दिशाही दाखवत नाही.

ऱ्हास

खिशातील घड्याळे स्वस्त झाल्यावर आणि १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावर स्थानिक सूर्यवेळ सांगणाऱ्या साधनांचे व्यवहारातले महत्त्व संपले. घटिका-पळांचे मान पंचांगांत मात्र तास-मिनिटांच्या जोडीने छापले जात राहिले.