अनाथांच्या नावाने जमलेला पैसा

जर्मनीत संस्था काढणे किती सोपे आहे, हे आपल्या मंडळींना ठाऊक आहेच. सात सभासद जमवायचे, घटना लिहायची, न्यायालयात नोंदणी करायची. कार्य लोकोपयोगी असल्याचे कर कार्यालयाने मानले की देणगीदाराला करातही सवलत मिळते. आपली मंडळेही अशीच उभी राहिली. परंतु याच सरळ दाराने दहशतवादाचाही पैसा गेला, हा इथला अलीकडचा इतिहास आहे.

दहशतवादाचा पैसा म्हटला की आपल्याला हवाला आठवतो. इथे मात्र रीतसर बँक खाती होती आणि सौम्य बोलणारे पदाधिकारी होते. हमासशी संबंधित संस्थांना पैसा पुरवल्याबद्दल आखेनच्या 'अल-अक्सा' संस्थेवर 2002 साली बंदी आली. त्याच कारणासाठी 2010 साली फ्रँकफुर्टच्या 'आयएचएच'वर आली. गाझातल्या अशा संस्थांना तिने साठ लाखांहून अधिक युरो दिल्याचे गृहमंत्रालयाने जाहीर केले.

सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण एस्सेनचे. लेबनॉनमधल्या अनाथ मुलांसाठी निधी जमवणाऱ्या तिथल्या संस्थेने 2007 ते 2013 या काळात सुमारे 33 लाख युरो हिजबुल्लाच्या 'शहीद' प्रतिष्ठानाकडे पाठवले, असा सरकारचा आरोप होता. 2014 साली तिच्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली.

कुणी म्हणेल, मुलांच्या तोंडात घास पडला, त्यात वाईट काय? मेख तिथेच आहे. हे प्रतिष्ठान लढताना मेलेल्यांची कुटुंबे सांभाळते. 'माझ्या माघारी मुलाबाळांचे होईल' ही खात्री असली की माणूस मरायला लवकर तयार होतो. शिवाय घरखर्च दुसऱ्याने उचलला की संघटनेचा तेवढा पैसा शस्त्रांसाठी मोकळा होतो. म्हणूनच 'अल-अक्सा'च्या खटल्यात न्यायालयाने हमासचे समाजकार्य आणि तिचा लढाऊ गट वेगळे मानायला नकार दिला.

याचा अर्थ प्रत्येक मशिदीतल्या दानपेटीकडे संशयाने पाहावे असा मुळीच नाही. बहुतेक देणगीदारांनी श्रद्धेनेच पैसे दिले असणार. फसवणूक झाली ती त्यांच्या श्रद्धेची. संस्थेवर बंदी घालतानाही सरकारला पुरावा द्यावा लागतो, आणि तो न्यायालयात तपासला जातो. ते योग्यच आहे.

1993 साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. वर्गात डबा फिरला. गुरुजींनी जमलेली रक्कम फळ्यावर लिहिली आणि तिच्याखाली, पैसे कोणाच्या हाती दिले, तेही लिहिले. आपण देणगी देताना पहिली ओळ नेहमी वाचतो. दुसरी ओळ विचारायला संकोच वाटू देऊ नये, आणि आपल्या मंडळाला कुणी ती विचारली तर रागही मानू नये.