मालवाहू गाडीचा ईसीएम कसा ओळखावा?

सोयाबीन, तूर बाजार समितीत नेण्यासाठी मंगरूळपीर परिसरात पिकअप आणि छोटे ट्रक वापरले जातात. ऐन हंगामात गाडी सुरू झाली नाही आणि ‘ईसीएम गेला’ असे कुणी सांगितले, तर जुना डबा विकत घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासा.

गाडीत ईसीएम आहे का?
प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा कपलर असेल आणि डिझेलच्या नळ्या एकाच जाड रेलमधून निघत असतील, तर इंजिन कॉमन रेलचे आहे. त्यात ईसीएम असतोच. नळ्या थेट पंपातून येत असतील व इंजेक्टरला वायर नसेल, तर पंप बहुधा मेकॅनिकल असतो. तिथे ईसीएम शोधू नका. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांच्या डिझेल गाड्यांत ईसीएम असतो.

कुठे असतो?
बोनेटखाली, डॅशबोर्डमागे किंवा थेट इंजिनच्या बाजूला बोल्टने बसवलेला चपटा धातूचा डबा शोधा. त्याला अनेक पिनांचे एक-दोन मोठे कपलर असतात. एबीएसचा डबाही असाच दिसू शकतो. पण त्याला ब्रेकच्या नळ्या जोडलेल्या असतात.

लेबलवर काय पाहावे?
कंपनीचे नाव, हार्डवेअर व सॉफ्टवेअर क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढा. बॉशच्या डिझेल ईसीएमचा दहा अंकी क्रमांक सहसा 0 281 ने सुरू होतो. डबा सारखा दिसला तरी क्रमांक जुळला नाही, तर घेऊ नका.

आधी हे तपासा
• बॅटरीचा व्होल्टेज, ईसीएमचा फ्यूज व रिले
• इंजिन आणि चेसिसची अर्थिंग
• कपलरमध्ये पाणी किंवा हिरवा गंज
• उंदरांनी कुरतडलेल्या वायरी

यांतील दोष असेल, तर डबा बदलूनही गाडी सुरू होणार नाही.

काळजी
इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मगच कपलर उघडा. ट्रॉली किंवा चेसिसला वेल्डिंग करण्यापूर्वीही बॅटरी आणि ईसीएमचे कपलर सोडवा. इंजिन चालू असताना रेलची नळी कधीही सैल करू नका. उच्च दाबाचे डिझेल कातडीत शिरते.

बदललेल्या ईसीएममध्ये इंजेक्टरचे कोड आणि चावीची नोंद स्कॅनरने करावी लागते. ओळख, फोटो व वायरिंगची तपासणी घरी करा. कोडिंग मात्र स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.