नरगुंदचा डोंगर आणि गोडसे भटजी

आपल्या हुबळी-धारवाडातल्या घरांत मुलं मराठी बोलतात, पण शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी. हिंदी विषय असतो म्हणून देवनागरी तेवढी ओळखीची. अशा तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना मराठी काय वाचायला द्यावं, हे आया विचारतात. माझं ऐकाल तर कादंबरी राहू द्या बाजूला, खरी घडलेली हकिगत द्या. पहिलं पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’.

पण त्याआधी मुलांना नरगुंदला न्या. विजापूर रस्त्यानं नवलगुंद ओलांडलं की पुढं तो डोंगर येतोच. तिथले संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे, म्हणजे मराठी घराणं. कंपनी सरकारनं त्यांना दत्तक घ्यायची परवानगी नाकारली. १८५८ च्या मे अखेरीस पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबानजवळ मारला गेला, लगेच नरगुंद पडलं, आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिलं. संस्कृत पोथ्यांच्या संग्रहासाठी नाव असलेला माणूस हो! आपली मुलं तो डोंगर बसच्या खिडकीतून बघतात आणि मोबाइलात मान घालतात.

आता झाशी बघा. तिथंही दत्तकाचाच वाद. झाशी इंग्रजांनी घेतली त्याच वर्षी एप्रिलात, नरगुंदच्या दोनच महिने आधी, आणि गोडसे भटजी तेव्हा शहरात होते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर १८५७ साली निघाले. पोचले ते थेट बंडात. वेढा, तोफा, कत्तल, लूट, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. जवळचा पैसा लुटला गेला, घरी आले ते गंगेची कावड घेऊन. ना शिपाई, ना सरदार. पोटासाठी बाहेर पडलेला साधा माणूस. म्हणूनच पोरांना तो जवळचा वाटतो.

हे लिहून झालं १८८३ च्या सुमारास. छापलं १९०७ मध्ये, भटजी वारल्यावर, चिंतामणराव वैद्यांनी, तेही स्वतःचा हात फिरवून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणला. मुलांना कुठलीही प्रत चालेल. मराठी जड गेलं तर अमृतलाल नागरांचं हिंदी भाषांतर आहे, ‘आँखों देखा गदर’. भटजींनी ऐकीव गोष्टीही लिहिल्यात, तारखाही कुठं कुठं चुकतात. त्या शोधायला लावा, पोरं हटून बसतात!

मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. भाषा अगदी माजघरात बसून बोलल्यासारखी, मोठ्यानं वाचायला उत्तम. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) दहावीनंतर द्या. ‘मुलांना झेपणार नाही’ म्हणून ते कपाटात ठेवतात ते मला पटत नाही.

कन्नड चांगलं येत असेल तर गंगूबाई हनगलांचं आत्मचरित्र ‘नन्न बदुकिन हाडु’ आहेच. १९१३ साली धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जायच्या. आज आपली कॉलेजची पोरं त्याच रुळांवरून जातात.