सिंहगड (मूकपट)

‘सिंहगड’ हा हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बेतलेला मूकपट. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी तो १९२३ मध्ये दिग्दर्शित केला. त्याच वर्षी जर्मनीत टोमास मान यांच्या ‘बुडनब्रूक्स’ या कौटुंबिक कादंबरीवरचा गेरहार्ट लामप्रेख्ट यांचा मूकपट झळकला. घरोघरी पोचलेली कादंबरी संवादांवाचून पडद्यावर कशी सांगावी, हा पेच दोन्हीकडे सारखाच होता.

फेब्रुवारी १६७० मधील कोंढाण्याची, म्हणजेच सिंहगडाची, लढाई हा कथेचा गाभा. मात्र ती केवळ लढाईची गोष्ट नाही. मुलाचे, रायबाचे, लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला तानाजी मालुसरे, सोबत भाऊ सूर्याजी आणि वृद्ध शेलारमामा, अशी ती एका घराचीही गोष्ट आहे. चित्रपटात बाळासाहेब यादव तानाजी, स्वतः पेंटर शिवाजी महाराज आणि व्ही. शांताराम शेलारमामा झाले. ऐन विशीतल्या शांतारामांनी म्हातारा रंगवला, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

रात्रीच्या अंधारात कडा चढणे हा कथेचा कळस. कादंबरीकार रात्र शब्दांत उभी करतो; मूकपटाला ती प्रकाशातूनच दाखवावी लागते. तोवर आपल्याकडचे चित्रण उन्हाच्या भरवशावर चाले. पेंटर यांनी या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. भारतीय चित्रपटातील असा हा पहिला प्रयोग मानला जातो. पेंटर मुळात चित्रकार; नाटकांचे पडदे रंगवताना छायाप्रकाशाची जाण त्यांच्या हाती बसली होती. कादंबरीचे खरे रूपांतर पाट्यांवरच्या मजकुरापेक्षा या उजेडात झाले, असेच म्हणावे लागते.

चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगितले जाते. मुंबई इलाख्याचा तो कायदा १९२३ चाच आहे.

शांताराम आणि त्यांचे कंपनीतले सहकारी दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी पुढे १९२९ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था काढली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ने शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली याच कादंबरीवर ‘सिंहगड’ हा बोलपट काढला.