स्की-बूट का चावतो? चामड्याकडून प्लास्टिककडे झालेल्या प्रवासाचा इतिहास

१/
गेल्या हिवाळ्यात मी गुलमर्गला स्कीइंग शिकावयास गेले होते. भाड्याने बूट देणाऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "नंबर कितवा?" मी म्हटले, सहा. त्यांनी सातचा जोड पुढे सरकवला. जाड मोजे घालायचे आहेत ना, म्हणून. तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली होती. बूट सैल होते, तरीही बोटे चेमटली. असे का व्हावे, या प्रश्नाचा माग काढता काढता हा धागा तयार झाला.

२/
आरंभी स्की-बूट नावाची वेगळी वस्तूच नव्हती. नॉर्वेतील टेलेमार्कचा सोन्द्रे नोर्हाइम १८६८ मध्ये क्रिस्तियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याची ख्याती होती ती टाचेभोवती वळवलेल्या लवचीक फांद्यांच्या बंधांसाठी. पायात असे ते रोजचेच चामडी पायताण. त्या काळी टाच मोकळी राही, पाऊल वाकत असे, आणि बूट पावलाबरोबर वाकला की काम भागत असे.

३/
प्रश्न निर्माण केला तो आल्प्सच्या तीव्र उतारांनी. तेथे वेगाने खाली येताना वळायचे, तर टाच फळीला जखडलेली हवी. १९२९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गिडो रॉयगे याने तारेचा 'कांडाहार' बंध आणला आणि उतारावर टाच खाली दाबून धरण्याची सोय झाली. (अफगाणिस्तानातील शहराचे नाव स्कीच्या बंधाला कसे चिकटले, ही लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या सरदारकीच्या किताबापासून सुरू होणारी वेगळीच गोष्ट आहे, ती पुन्हा केव्हातरी.) मात्र टाच जखडली गेल्यावर वळण्याचा सारा जोर नडगीतून बुटात आणि बुटातून फळीत जाऊ लागला. बूट आता केवळ पायताण राहिला नाही, तो तरफेचा दांडा झाला.

४/
चामड्याला हे ओझे पेलवेना. कारागिरांनी तळवा जाड केला, घोट्याभोवती दुहेरी चामडे घातले, आत एक नाड्यांचा बूट आणि त्यावर दुसरा नाड्यांचा बूट अशी रचना केली. नवा जोड पायाला सरावेपर्यंत फोड येत, कुरूपे होत. आणि तो सरावला, पायाच्या आकाराचा झाला, की नेमका त्याच सुमारास चामडे सैल पडून निकामी होऊ लागे. आपल्याकडे नवी चप्पल काही दिवस चावते आणि मग मुकाट्याने पायाची होते. चामड्याचा हा गुण होता की तो शेवटी पायापुढे हार मानत असे. पुढची सारी कथा हा गुण गमावण्याची आहे.

५/
१९५५ च्या सुमारास हेन्के या स्विस कंपनीने नाड्यांऐवजी धातूच्या बकलांचा बूट बाजारात आणला. गोठलेल्या बोटांनी नाड्या आवळण्याचा जाच संपला. पण बकल ही तरफच. बोटाच्या एका दाबाने ती पावलावर इतका ताण आणू शकते की नाडीने तितका कधी आणवला नसता. पाय आवळणे सोपे झाले, आणि म्हणूनच गरजेहून अधिक आवळणेही सोपे झाले.

६/
यानंतर रंगमंचावर येतो अमेरिकेच्या आयोवा राज्यातील दुब्यूक गावचा बॉब लँग. आल्प्सपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या गावात त्याचा प्लास्टिकचा व्यवसाय होता. आपले चामडी बूट ताठ राहावेत म्हणून त्याने आधी त्यांना बाहेरून फायबरग्लासचा आधार देऊन पाहिला, मग सबंध बूटच प्लास्टिकचा करण्याचा ध्यास घेतला. साठच्या दशकाच्या आरंभीचे त्याचे पहिले बूट नाड्यांचे होते आणि ते थंडीत तडकत. पुढे पॉलियुरेथेन हाती आले, बकले आली, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्पर्धांच्या उतारांवरून चामडे जवळजवळ हद्दपार झाले. हजारो वर्षांच्या पादत्राणाच्या इतिहासात एखादे द्रव्य दहाएक वर्षांत असे पदच्युत झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन सुचत नाही.

७/
विजय निर्विवाद होता, वेदनाही तशीच. या बुटाच्या वरच्या कडेने नडगीला जो मार बसे, त्याला स्कीपटूंनी लँगच्याच नावावरून 'लँग बँग' असे उपहासाचे नाव दिले. चामडे पायाशी तडजोड करी. प्लास्टिकला तडजोड ठाऊकच नव्हती. पावलाच्या कडेचे हाड जरा बाहेर असेल, टाचेमागे उंचवटा असेल, चवडा रुंद असेल, तर पूर्वी बूट पसरे. आता त्या जागी सूज येई.

८/
मग सुरू झाली भरावाची शोधयात्रा. बुटाचे कवच आणि पाय यांच्यामधली पोकळी कशाने भरायची? कोणी आत घट्टसर प्रवाही द्रव्याच्या पिशव्या घातल्या, कोणी पाय आत असतानाच रासायनिक फेस सोडला. तो काही मिनिटांत फुगून पायाभोवती घट्ट होई, आणि त्या काही मिनिटांत माणसाने दात-ओठ खात उभे राहावे अशी अपेक्षा असे. ऐंशीच्या दशकात मागून उघडणाऱ्या बुटांची लाट आली: पाय सरकवा, मागची झडप लावा, झाले. लोकांना ते मनापासून आवडले, कारण चालता येई आणि दुखत नसे. पण पावलाच्या वरच्या भागावर त्यांची पकड ढिली राही, स्पर्धकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि नव्वदच्या दशकात ते दुकानांतूनही गेले. हौशी माणसाने स्वतःच्या सुखासाठी तरी ते धरून ठेवायला हवे होते, असे मला वाटते; परंतु हौशी माणूस नेहमी विजेत्याच्या पायांकडे पाहूनच खरेदी करतो.

९/
इथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती केवळ नखांपुरती नाही. उंच, ताठ बूट आणि पडताक्षणी सुटणारे बंध यांमुळे घोट्याची आणि नडगीची हाडे मोडणे फार कमी झाले. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात शुगरबुश येथे १९७२ पासून संशोधकांनी दुखापतींची सलग नोंद ठेवली, तीत हा उतार स्पष्ट दिसतो. त्याच नोंदींत गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या गंभीर दुखापती मात्र पुढे वाढत गेलेल्या दिसतात. त्याचे खापर एकट्या बुटावर फोडता येणार नाही, पण घोटा वाचला आणि गुडघा उघडा पडला, हे खरेच.

१०/
अखेर उपाय सापडला तो जुन्याच विद्येत: पाय मोजण्याच्या. स्वेन कूमर हा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून आधुनिक पेंटॅथलॉन खेळलेला गडी पुढे नॉर्डिका कंपनीसाठी बूट घडवू लागला, आणि प्रत्येकाच्या तळव्याबरहुकूम वेगळा आधार-तळ करण्याच्या प्रथेला त्याने बळ दिले. आज चांगल्या दुकानातला माणूस कवच तापवून हव्या त्या जागी फुगवतो, कुठे आतून घासतो. चामडे जे आपोआप करी, ते आता कोणीतरी हाताने करावे लागते.

११/
आणि म्हणून 'नंबर कितवा' हा प्रश्नच अपुरा आहे. इंग्लंडचा नंबर जवाच्या दाण्याच्या लांबीवर, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालतो; युरोपचा दोनतृतीयांश सेंटिमीटरवर. स्की-बुटाने हे दोन्ही सोडून 'मोंडोपॉइंट' पत्करला: पावलाची लांबी, थेट सेंटिमीटरमध्ये. पाऊल २३.५ सेंटिमीटर, तर बूट २३.५ चा. रुंदी वेगळी सांगितलेली असते. ताठपणाचा आकडाही असतो, परंतु त्याला सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा शंभर हा दुसरीच्या शंभराइतकाच ताठ असेल असे नाही.

१२/
खरी कसोटी साधी आहे. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे अलगद टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. एक ते दोन बोटे जागा योग्य. त्याहून अधिक असेल तर बूट मोठा. मग आतला बूट घालून, बकले लावून, गुडघे पुढे वाकवून उभे राहावे: सरळ उभे असताना टेकलेली बोटे आता किंचित मागे यायला हवीत. मोजा एकच, आणि पातळ.

१३/
माझ्या बाबतीत काय झाले ते आता कळते. बूट मोठा, म्हणून टाच सुटत होती. टाच सुटते म्हणून मी बकले आवळत होते. आवळल्याने पावलावरची धमनी दबून बोटे बधिर होत होती. आणि तरीही प्रत्येक वळणावर पाय पुढे घसरून अंगठा भिंतीवर आदळत होता. जाड मोज्याने ऊब दिली नाही, फक्त घसरण लपवली. घरी आल्यावर पट्टी लावून पाऊल मोजले: २३.२ सेंटिमीटर. भाड्याच्या बुटाच्या बाजूला कोरलेला आकडा माझ्या एका छायाचित्रात आला आहे. तो २५.५ आहे.

१४/
उजवे नख जूनमध्ये गळाले. नवे अर्ध्यापर्यंत आले आहे.